मोम्या आणि वरून येणारा हात

दिल्ली-नोएडाकडे चावणं ही खासगी बाब राहिलेली नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात दुरुस्ती केली : नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथे परत सोडा; पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी आत ठेवा. या दोन तारखांच्या मधे आमच्या सोसायटीतली माणसं एकमेकांवर जितकी धावून गेली, तितकी कुत्री वर्षभरात गेली नसतील. लिफ्टमध्ये पोळी घालणारे आणि काठी बाळगणारे एकत्र सापडले, की आपला मजला येईपर्यंत सगळे वरच्या लाल आकड्यांचा अभ्यास करत उभे राहायचे.

माकडांचं प्रकरण याहून जुनं. २०१४ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री वेंकय्या नायडू यांनी राज्यसभेत सांगितलं होतं, की माकडं हुसकावण्यासाठी चाळीस तरुणांना तयार केलं असून ते लंगुराची नक्कल करतात. देशाच्या वरिष्ठ सभागृहात एवढं खरं उत्तर क्वचित मिळतं. पुढे २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी रस्त्याकडेला लंगुरांचे कटआउट उभे केले गेले. दिल्लीत कटआउटला माणसं घाबरणं कधीच सोडून बसली आहेत. भिस्त सगळी माकडांवर होती.

अशा मुलखात आमच्या लेकीने वाढदिवसाला प्राणी मागितला. कुत्रा आणणं म्हणजे सोसायटीत एका पक्षात जाहीर प्रवेश करणं. मांजर म्हटलं की बायकोला शिंका येतात. मासे लेकीच्या मते प्राणी नव्हेत, फर्निचर आहेत. तेव्हा तडजोड म्हणून हॅमस्टर ठरला. दुकानदार म्हणाला, "बिल्कुल नहीं काटता जी, बच्चा है." हे 'बच्चा है' मी इथे पंचेचाळिशीतल्या, उलट्या दिशेने येऊन दुसऱ्याची गाडी ठोकणाऱ्या गृहस्थाबद्दलही ऐकलं आहे. त्यामुळे त्यातून वयाचा किंवा स्वभावाचा काही अंदाज मी बांधला नाही.

गोल, पांढुरका, मधे थोडी चुण्यांची घडी. दिल्लीत वाढलेल्या मुलीला नाव काय सुचणार? मोमो. माझ्या आईने पहिल्या तासाभरात त्याचा मोम्या करून टाकला. आई पुण्याची. तिच्या सासरच्या मंडळींनी १८९७ च्या प्लेगात गावाबाहेर झोपड्या टाकून दिवस काढल्याच्या गोष्टी तिने लग्नानंतर पुष्कळ ऐकलेल्या. उंदीर पडला की घर सोडायचं, ही त्या घराण्याची शिकवण. आणि इथे नातीसाठी तो पैसे मोजून, जाळीदार बंगल्यासकट आणलेला. शेजारच्या मल्होत्रा की मेहरा, ज्यांना सगळी सोसायटी नुसतं 'आंटीजी' म्हणते, त्या समजूत घालायला आल्या. "माताजी, गणेशजी का वाहन है!" आई म्हणाली, "वाहन असू दे. पार्किंग बाहेर." नोएडात पार्किंगवरून डोकी फुटतात, त्यामुळे आंटीजींना मराठी न येताही हे वाक्य पूर्ण कळलं.

मोम्या पहिल्याच संध्याकाळी चावला. लेकीने कौतुकाने पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडलं, हात घातला, आणि पुढच्या क्षणाला तिच्या तर्जनीवर दोन लालबुंद ठिपके. हॅमस्टरला पुढचे दात चारच, दोन वर, दोन खाली. पण ते जन्मभर वाढत असतात आणि छिन्नीच्या धारेचे असतात. लेक रडली नाही. तिचा अपमान झाला होता. जखम साबणाने धुऊन आम्ही दवाखाना गाठला. तिथे रजिस्टरात प्राण्याच्या रकान्यात कुत्रा, माकड, मांजर असं लिहून शेवटी 'अन्य' होतं. आम्ही अन्य. रांगेत पुढे उभ्या असलेल्या, पोटरीला पट्टी बांधलेल्या सद्‌गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "किसने काटा बिटिया को?" मी म्हणालो, हॅमस्टरने. ते विचारात पडले. "जर्मन नस्ल का होगा. ये विदेशी कुत्ते बड़े खतरनाक होते हैं जी."

डॉक्टर मात्र शांत होते. घरातल्या अशा छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत झालंय ना एवढं बघा, म्हणाले. घरी येऊन मी जरा वाचलं, तर गंमत निघाली. चीनमध्ये कित्येक वर्षं रेबीजची लस हॅमस्टरच्या मूत्रपिंडातल्या पेशींवरच वाढवली जात आली आहे. म्हणजे कुत्रं चावलेल्या लाखो लोकांना वाचवण्यात या कुळाने अवयव खर्ची घातले, आणि आमच्या घरी 'गुन्हेगार' म्हणून त्याच्या पिंजऱ्यावर टॉवेल टाकलेला.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. पुण्यात शेजाऱ्याला काही चावलं, तर शेजारी आपलं दार नीट लागलंय ना हे आधी बघतो. दिल्लीकडे तसं नाही. इथे तुमचं दुःख ही सार्वजनिक मालमत्ता. सातव्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल म्हणाले, एकदा नाकावर टिचकी मारा, शिस्त लागेल. तेराव्या मजल्यावरच्या योगशिक्षिका म्हणाल्या, त्याच्याशी बोला. कुणी म्हणालं बदामाचं तेल, कुणी म्हणालं हनुमान चालीसा. आणि आंटीजी म्हणाल्या ते सगळ्यांनी मान डोलावून मान्य केलं : "प्यार से रखो जी. प्यार की कमी है."

आता दिल्लीचं प्यार काय असतं, हे सांगायला हवं. ते हातांनी करायचं असतं. इथे लहान मुलाच्या गालाला मालक नसतो. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या कुणीही तो ओढावा, दाबावा, त्याचा मुका घ्यावा. पाहुण्याच्या ताटात पोळी पडते ती विचारून नव्हे, तर त्याचा हात आडवा येण्याच्या आत. माझी लेक याच हवेत वाढली. आंटीजींनी मोमोला दाखवलेलं प्यार मी डोळ्यांनी पाहिलं आहे. झाकण उघडून "अले अले अले, मेला मोमो!" म्हणत त्यांचा बांगड्यांचा हात वरून खाली झेपावला, आणि मोम्याने त्यावर आपला अभिप्राय नोंदवला. आंटीजींनी तरीही रागावायचं नाकारलं. "गुस्से में है. खाना ठीक से नहीं देते आप लोग."

मोम्याच्या बाजूने बोलायचं तर त्याला हे प्यार वाटतच नाही. सगळ्या हॅमस्टरांची नजर अधू. समोरचा माणूस त्याला दिसतो तो एक हलता धूसर डोंगर. त्याचं जग वासाचं आणि कानाचं. अशा डोंगरातून वरून काही झेपावलं, तर त्याच्या लाखो वर्षांच्या अनुभवात त्याचा अर्थ एकच : शिकारी पक्षी. गंमत म्हणजे तो उतरला अशाच शहरात, जिथलं आकाश शिकारी पक्ष्यांनी भरलेलं आहे. दिल्लीत घारींची वस्ती जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक मानतात. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्या घिरट्या घालतात, आणि पुराण्या दिल्लीत सवाब, म्हणजे पुण्य, म्हणून लोक त्यांना मांसाचे तुकडे भिरकावतात. वझिराबादच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या दोन भावांनी जखमी घारींवर घरीच उपचार सुरू केले, त्यांच्यावर शौनक सेनने २०२२ साली 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट केला आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. लेकीने तो माहितीपट बघितला, आमच्या बाल्कनीसमोर तरंगणाऱ्या घारीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "म्हणजे बाबा, मी घार आहे?" तिला ते फारसं वाईट वाटलं नाही, असं मला दिसलं.

या प्राण्याची गोष्टच मुळी त्याच्या मर्जीविरुद्ध उचलण्यापासून सुरू होते. काळा आजार आपल्याकडे बिहार-बंगालने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. त्याच्या सूक्ष्म जंतूंची माहिती १९०३ साली दोघांनी जाहीर केली. एक विल्यम लीशमन, ज्याला ते डमडममध्ये नोकरी करून आलेल्या सैनिकाच्या प्लीहेत दिसले. दुसरा मद्रासचा चार्ल्स डोनोव्हन. म्हणून त्या जंतूच्या नावात दोघेही बसले. पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर या रोगावर काम करत होता. त्याला प्रयोगासाठी चिनी हॅमस्टर लागत, पण ते कैदेत पिलं द्यायला तयार नसत, आणि दर वेळी चीनहून मागवणं परवडेना. त्याने प्राणिशास्त्रज्ञ इझ्रायल अहारोनीला गळ घातली : इथलाच, जवळपासचा एखादा हॅमस्टर आणून दे. सोनेरी हॅमस्टर नावाचा प्राणी १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाउसने अलेप्पोहून आलेल्या नमुन्यावरून शास्त्रीय नोंदीत आणलेला होता. तेव्हा अहारोनी १९३० च्या एप्रिलमध्ये सीरियात अलेप्पोला जाऊन थडकला.

तिथल्या शेखने मजूर मिळवून दिले. त्यांनी गव्हाचं उभं शेत खणायला सुरुवात केली. शेतकऱ्याचं काय म्हणणं होतं, ते इतिहासात आलेलं नाही. आलं असतं तर ते छापण्याजोगं नसतं, असा माझा अंदाज. बरंच शेत उलथल्यावर खोल बिळात एक मादी आणि तिची अकरा पिलं सापडली. सगळी खोक्यात भरली. मादीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे जवळच्या पिलाचं डोकं चावून तोडलं. अहारोनीने तिला सायनाइडच्या बाटलीत टाकलं. उरलेली पिलं त्याने आणि त्याच्या बायकोने हाताने वाढवली. ती पळाली, सापडली. विद्यापीठात नेल्यावर पिंजऱ्याची लाकडी तळफळी कुरतडून पुन्हा पळाली. एका नराने मादीला मारून टाकलं. शेवटी हाताशी जेमतेम तीन-चार भावंडं राहिली, आणि त्यांच्यापासून वर्षाच्या आत दीडशेच्या घरात प्रजा झाली. हॅमस्टरचा गर्भकाळ सोळा दिवसांचा. दिल्लीत गॅसच्या कनेक्शनलाही कधी कधी त्याहून जास्त लागतात. १९३१ मध्ये ॲडलरने काही हॅमस्टर कोटाच्या खिशातून इंग्लंडला नेले. जगातले बहुतेक सगळे पाळीव सोनेरी हॅमस्टर हे त्या एका बिळाचे वंशज, आणि खुद्द त्या मुलखातले जंगली हॅमस्टर आज नामशेष व्हायच्या वाटेवर आहेत.

मी हे सगळं जेवताना सांगितलं. आई पानावरून मान वर न करता म्हणाली, "मग चावेल नाही तर काय ओवाळेल?"

त्यात त्याची ड्यूटी रात्रीची. आमच्याकडे गुरुग्रामला अमेरिकेच्या वेळेवर जगणारी एक आख्खी पिढी आहे. पहाटे कॅबमधून उतरते, पडदे ओढून झोपते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या अंगावरची चादर सकाळी अकराला कुणी ओढली आणि "अले अले" करत त्याला हवेत उचललं, तर तोही चावेल, आणि कंपनीचा मनुष्यबळ विभाग त्याच्याच बाजूने उभा राहील. मोम्या रात्री साडेनऊला उठतो, मिशा साफ करतो आणि चाकावर चढतो. एका रात्रीत हे प्राणी कित्येक किलोमीटर धावतात. लेकीचा हिशेब असा, की तो रोज यमुना ओलांडून दिल्लीत जातो आणि पहाटे परत येतो, फक्त जाममध्ये अडकत नाही. अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञांनी हॅमस्टरांना व्हायग्रा देऊन त्यांची दिवसरात्रीची घडी लवकर बसते असं दाखवलं आणि २००७ सालचं इग नोबेल पटकावलं. ही माहिती मी घरात कुणाला सांगितली नाही. वयात येणारी मुलगी आहे.

माणसाळवण्याची पद्धत पुस्तकांत लिहिलेली असते, ती कागदावर सोपी वाटते. संध्याकाळी तो आपला आपण उठेपर्यंत थांबायचं. हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे. मग पिंजऱ्याच्या दारातून, वरून नव्हे, बाजूने, तळहात वर करून हात जमिनीवर ठेवायचा आणि काहीही करायचं नाही. तो येईल, हुंगेल, जाईल. काही संध्याकाळी एवढंच. मग तळहातावर सूर्यफुलाचं बी. तो ते घेऊन गालाच्या पिशवीत कोंबेल आणि पळेल. मग कधीतरी बी घेताना मनगटावर पाय ठेवेल. उचलायचं ते दोन्ही हातांची ओंजळ करून, जमिनीलगत बसून. किंवा सरळ एक मग आडवा ठेवून त्यात त्याला शिरू द्यायचं. चावला तर ओरडायचं नाही, फुंकर मारायची नाही, टिचकी तर नाहीच. आणि सर्वांत महत्त्वाचं, हात झटकायचा नाही, कारण झटक्याने तो पडून मरू शकतो, आणि वाचला तर चावलं की हात जातो हा धडा पक्का होतो. शेवटची सूचना लिहिणाऱ्याला हॅमस्टर कधी चावला नसावा.

आमच्या घरात ही पद्धत वासावर अडली. मराठी घरात बिनवासाचा हात कुठून आणणार? साबण बिनवासाचा आणला, पण बोटांत हिंग मुरलेला. लेकीच्या हाताला रोज नवा वास : कधी सॅनिटायझर, कधी मॅगीचा मसाला, कधी मैत्रिणीचं अत्तर. त्याला रोज नवाच माणूस भेटत होता. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीसाठी दाण्याचं कूट करून मी उठलो आणि उत्साहाने हात आत ठेवला. मोम्या आला, त्याने निवांत हुंगलं आणि माझं बोट बाजूने कुरतडायला घेतलं. तो राग नव्हता, फराळ होता. भीतीचा चावा खोल आणि झटकन असतो, भुकेचा हलका आणि चिकाटीचा. हा फरक मला आता डोळे मिटून कळतो. बायकोने फ्रिजवर वेळापत्रक लावलं : कुणी, कधी, किती वेळ हात ठेवायचा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक 'च' एवढंच असायचं.

दिवाळीच्या फटाक्यांत तर सगळं मुसळ केरात गेलं. हॅमस्टरला आपल्याला ऐकू न येणारे वरच्या पट्टीतले आवाजही ऐकू येतात. त्याचा पिंजरा बाथरूममध्ये नेऊन ठेवला, दाराला चादरी लावल्या, आणि तरीही पुढे बरेच दिवस तो नुसता चमचा वाजला तरी दात दाखवत होता. हवा तर अशी, की आमचेही दात बाहेर होते.

या सगळ्यात आई कुठेच नव्हती. तिने पिंजऱ्याला हात लावायचा नाही हे जाहीर केलेलं. पण तिची संध्याकाळची खुर्ची नेमकी त्या कोपऱ्यात, कारण तिथे हीटरची ऊब येते. साडेनऊच्या सुमारास तिचा जप संपायचा, मोम्या उठायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही. बघितलं तर बोलायची ती पुण्यातल्या नातेवाइकांबद्दल. तिच्या आवाजाला चढउतार नसतो. हाताला वर्षानुवर्षं तोच एक वास : चंदनाचं खोड आणि सांधेदुखीचं तेल. उठताना ती डब्यातला ज्वारीचा एक दाणा जाळीतून आत टाकायची. का, विचारलं तर म्हणायची, "बघतोय ना माझ्या डब्याकडे. तोंड कोरडं कसं ठेवायचं?" काही आठवड्यांनी दाणा टाकायच्या आधीच तो जाळीपाशी येऊन दोन पायांवर उभा राहू लागला. मग एका रात्री आम्ही बघितलं, तर आईचा हात दाराशी सपाट, आणि मोम्या त्यावर बसून ज्वारी सोलतोय. आईचं लक्ष मालिकेकडे. लेकीच्या डोळ्यांत पाणी. "आजी, तू काय केलंस?" आईने प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. "काही नाही गं. मला काय करायचंय त्याच्याशी?"

मला वाटतं, हेच त्याला पटलं. त्या घरात त्याच्याकडून काहीही नको असलेली ती एकटीच व्यक्ती होती. आम्ही सगळे प्रेम मागायला जायचो, आंटीजी तर वसुलीला. आई नुसती शेजारी होती; तीही पुणेरी शेजारीण, म्हणजे जाग आहे पण चौकशी नाही.

जानेवारीत धुकं उतरलं. नोएडाची घरं थंडीचा विचार करून कुणी बांधत नाही. रात्री पारा चार-पाच अंशांवर आला की आत-बाहेर फारसा फरक राहत नाही. एका रात्री बाल्कनीचं दार वाऱ्याने उघडलं आणि सकाळी मोम्या गार. ताठ, डोळे मिटलेले, श्वास दिसेना. लेकीचा टाहो सोसायटीत पोचला आणि सगळी दिल्ली सांत्वनाला आली. आल्यागेल्या प्रत्येकाला तो चावलेला होता, आणि प्रत्येक जण म्हणत होता, "बहुत अच्छा बच्चा था जी." कर्नलसाहेबांनी टोपी काढली. लेकीला त्याला खालच्या बागेत पुरायचं होतं. गार्डने इंटरकॉमवर ऑफिसला विचारलं. उत्तर आलं, ॲप्लिकेशन द्यावं लागेल, दोन ओनर्सच्या सह्यांसह.

ॲप्लिकेशन लिहिताना बायकोला आठवलं, की सोनेरी हॅमस्टर कडाक्याच्या थंडीत शीतनिद्रेत जातो. श्वास इतका मंदावतो की मेल्यासारखाच वाटतो. अशा वेळी हळूहळू ऊब द्यायची, एकदम हीटरसमोर धरायचं नाही. आईने काही न बोलता हात पुढे केला, मोम्याला पदरात घेतलं आणि वरून शाल ओढून बसली. तिला जप करायचाच होता. जमलेली मंडळी चहाला थांबली, कारण दिल्लीत मृत्यू संशयास्पद असला तरी चहा होतोच. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मिशी हलली." मग पाय हलला. मग डोळा किलकिला झाला. शालीच्या बाहेर एक गुलाबी नाक आलं, आणि आंटीजींचा आनंद अनावर होऊन "जिंदा है! मेला बच्चा जिंदा है!" म्हणत त्यांचा हात वरून झेपावला.

आयोडीन आमच्याकडे आता कायम असतं.

होळीच्या सुमारास आई भाचीच्या लग्नाला पुण्याला गेली. त्याच आठवड्यात फ्रिजवरच्या वेळापत्रकात 'च' परत आले. साडेनऊला तो जाळीपाशी उभा राहायचा, आमचा हात आला की हुंगायचा आणि निर्णय द्यायचा. प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं. नोएडात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पायलीला पन्नास, पण हॅमस्टर बघणारा शोधावा लागतो. आम्हाला मिळाल्या त्या बाईंनी सांगितलं, की ज्याचा हात चालतो त्याच्या वापरलेल्या कापडाचा छोटा तुकडा घरट्यात ठेवा, धागे सुटणार नाहीत असा, आणि तसंच कापड हातावर घेऊन त्याला उचला. बायकोने आईच्या कपाटातून एक मऊ लुगडं काढलं, पदराकडचे दोन चौकोन कापले, कडा दुमडून टाके घातले. मोम्याने पहिला तुकडा रात्रीत ओढत बिळात नेला. दुसरा लेकीच्या तळहातावर पसरला, तेव्हा तो आला, त्याने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि वर चढून बसला. लेकीने श्वास रोखून धरला. तो तिथे बसून गालातलं सगळं बाहेर काढून मोजत होता.

व्हिडिओ कॉल लावला. लेक आनंदाने ओरडायची नाही एवढं भान ठेवून कुजबुजत होती, "आजी, बघ, माझ्या हातावर! तुझ्या साडीमुळे!" पडद्यावर आईने चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पाठीमागे लग्नघराचा गोंधळ चालू होता.

"मोम्या राहू दे," ती म्हणाली. "त्याच्या खाली काय आहे?"

"जुनंच एक लुगडं होतं, आई," बायको घाईने म्हणाली. "विरलेलं."

"माझी सगळी विरलेलीच आहेत. काठ दाखव."